भाड्याने दिलेलं घर पावसाळ्याआधी तयार करताना: घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की घरमालकांचे हे प्रश्न यायला लागतात. तेव्हा विचारलं जातं "काय करून घेऊ?" आणि जुलैत "आता काय करू?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं. उत्तरं महाराष्ट्रातल्या फ्लॅट, चाळी आणि बैठ्या घरांना धरून दिली आहेत. कायद्याचे उल्लेख महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधले आहेत.

१. कामाला कधी लागायचं? मे महिना पुरेसा नाही का?

साफसफाईला पुरतो, वॉटरप्रूफिंगला पुरत नाही. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. दक्षिण कोकण आणि गोव्यात तो त्याआधीच येतो, आणि वळीव तर मे महिन्यातच गाठतो. भिंत किंवा गच्ची कोरडी होणं, तडे भरणं, वॉटरप्रूफिंगच्या कोटचे दोन हात देणं, वाळणं आणि पाणी साठवून तपासणं यात दोन ते तीन आठवडे सहज जातात. म्हणून मार्चअखेर पाहणी, एप्रिलमध्ये गच्ची व बाहेरच्या भिंती, १५ मेपर्यंत खिडक्या आणि नळकाम असा क्रम लावा. मेच्या शेवटच्या आठवड्यात चांगला मिस्त्री मिळत नाही, आणि जो रिकामा सापडतो तो का रिकामा आहे याचा विचार करावा.

पाण्याच्या सगळ्या वाटा जूनच्या तोंडावर पुन्हा एकदा बघा. दुरुस्तीतला सिमेंटचा चुरा आणि वाळू त्याच पाइपात जाऊन बसते, आणि नवं काम झालेल्या घरातच पहिल्या पावसात पाणी तुंबतं.

२. भाडेकरू राहतो आहे. मला पाहणीसाठी आत जाता येईल का?

हो. कलम २८ नुसार आधी सूचना देऊन, सोयीच्या वेळी पाहणी करण्याचा हक्क मालकाला आहे. लीव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या वापर-परवानगीच्या करारावर) दिलेल्या जागेलाही तो लागू आहे. तुमच्याकडे दुसरी किल्ली असली तरी न सांगता आत शिरू नका. "येत्या रविवारी सकाळी ११ वाजता पावसाळ्याच्या कामांची पाहणी करायची आहे, तासभर लागेल, जमत नसेल तर सोयीची वेळ कळवा" एवढा मेसेज चार-पाच दिवस आधी पाठवा आणि जपून ठेवा. गेल्या पावसाळ्यात पाणी कुठे आलं होतं हे भाडेकरूलाच विचारा. पलंगामागची ओल त्याला ठाऊक असते, तुम्हाला नाही.

३. पाहणीत नेमकं काय बघायचं?

वरून खाली या. आधी छताचे कोपरे आणि पंख्याच्या हुकाभोवतीची जागा, मग बाहेरच्या भिंतींची आतली बाजू, मग खिडक्या, आणि शेवटी जमीन व मोऱ्या. मार्चमध्ये भिंत कोरडी असते, पण खुणा राहिलेल्या असतात: पिवळट डाग, रंगाचे पोपडे, पांढरी भुकटी म्हणजे लोणा. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू भिंतीला लावा, गारवा पटकन कळतो. प्लास्टरवर बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ आवाज आला तर तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे. नुसता रंग देऊन ते राहणार नाही, पावसात पडेल, आणि खाली कोणीतरी असेल.

बाहेर जाऊन पाहण्याच्या जागा: सज्जावरचे तडे, पाइपांचे सांधे, भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा वड. ही रोपटी नुसती उपटू नका. मूळ आत राहतं आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट तडा देतं. मुळासकट काढून ती फट भरून घ्यावी लागते. एसीचा पाइप जिथे भिंतीतून बाहेर पडतो ते भोक हमखास विसरलं जातं. ते बाहेरच्या बाजूला उतरतं असावं आणि पुटीने बंद केलेलं असावं. विदर्भ-मराठवाड्यात खिडकीतला कूलर काढल्यावर उघडी राहिलेली चौकटही याच यादीत धरा.

प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा. पुढच्या निम्म्या भांडणांत ते उपयोगी पडतात (प्रश्न १६).

४. टेरेस फ्लॅट आहे. वॉटरप्रूफिंग नवीन करावं का?

आधी पाणी जाण्याच्या पाइपाच्या तोंडावरची जाळी उघडा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. २०० चौरस फुटांच्या टेरेसवर ५० मिलिमीटरची एक जोरदार सर आली तर जवळजवळ ९३० लिटर पाणी पडतं, आणि ते सगळं चार इंची पाइपातून जायचं असतं. जाळीवर एक प्लास्टिकची पिशवी आणि मूठभर पानं बसली की पाणी चढतं, दाराच्या उंबऱ्यावरून हॉलमध्ये येतं. यात वॉटरप्रूफिंगचा काही दोष नसतो. लोक वाट मोकळी करायची सोडून हजारो रुपयांचा कोट मारतात.

जाळी सपाट असेल तर घुमटाकार बसवा, म्हणजे कचरा भोवती अडकला तरी वरून पाणी जातं. मग दोन बादल्या पाणी ओतून उतार बघा. साधारण १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार हवा. पाणी अर्ध्या तासानंतरही एका जागी थांबलं असेल तर तिथे उतार बिघडला आहे.

कोट मारायचाच असेल तर तो सर्वांत आधी फाटतो ती जागा सांभाळा: कठड्याची भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो कोपरा. तिथे गोल वाटा (कोपऱ्यात मसाल्याची गोलाई) करून, कोटच्या दोन हातांमध्ये फायबरची जाळी बसवून, कोट भिंतीवर किमान एक फूट वर न्यायचा. वाळल्यावर पाइपाचं तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवा आणि खालच्या फ्लॅटचं छत पाहा. मिस्त्रीचे शेवटचे पैसे या तपासणीनंतर द्यायचे, हे काम देतानाच ठरवा.

५. दर वर्षी सिलिकॉन लावतो, तरी खिडकीतून पाणी येतं. का?

बहुतेक वेळा सिलिकॉनमुळेच. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात. झडीचं पाणी ट्रॅकमध्ये येणारच असतं, त्या भोकांतून ते बाहेर जावं अशी रचना असते. ती धुळीने बुजतात, किंवा कारागीर उत्साहात तीच सिलिकॉनने बंद करतो. मग ट्रॅक भरतो आणि पाणी आत ओसंडतं. जुन्या टूथब्रशने ट्रॅक साफ करा, तारेने भोकं मोकळी करा, मग मगभर पाणी ओता. ते बाहेर पडलेलं दिसलं पाहिजे.

सिलिकॉन लावायची जागा चौकट आणि भिंत यांच्यामधली, आणि तीही बाहेरून. जुनं सिलिकॉन कटरने पूर्ण काढा, त्यावरच नवीन थर दिला तर धरत नाही. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन संगमरवर आणि धातूला चालत नाही, न्यूट्रल प्रकारचं मागा. २८० मिलिलिटरची एक नळी ६ मिलिमीटर जाडीच्या रेषेने ७ ते ८ मीटर जाते, म्हणजे ४ फूट बाय ४ फुटांच्या दीड खिडकीला पुरते. दुकानदार एकाच नळीत तीन खिडक्या म्हणतो तेव्हा रेष किती बारीक येईल ते ओळखा. नंतर २४ तास पाणी लागू देऊ नका.

खिडकीखालचा दगड आत झुकलेला असेल तर यातलं काहीच टिकणार नाही. तो बाहेरच्या उताराने पुन्हा बसवावा लागतो.

६. भिंतीला ओल आहे. ती पावसाची की पाइपाची, कसं ओळखायचं?

पाऊस थांबल्यावर आठवड्याभरात डाग फिकट होतो का ते बघा. होत असेल तर पाणी बाहेरचं. उन्हाळ्यातही तसाच राहत असेल तर नळाची किंवा ड्रेनेजची पाइप. वरच्या मजल्यावर अंघोळी झाल्यावर, सकाळी ९ ते ११ मध्ये डाग गडद होत असेल तर वरची मोरी.

घरातली आर्द्रताच भिंतीवर बसते आहे का, हेही तपासा. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून २४ तास ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतून, म्हणजे खोलीत कपडे वाळत घातले जातात किंवा एक्झॉस्ट बंद असतो. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. आतून "डॅम्प-प्रूफ" रंग मारणं पहिल्या प्रकारावर उपाय नाहीच. पाणी भिंतीत कोंडतं आणि दोन हात बाजूला फुटून निघतं.

७. गळती वरून आहे. खर्च सोसायटीचा, वरच्या सभासदाचा की माझा?

गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामायिक पाइपातून येणारं पाणी ही सोसायटीची जबाबदारी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची गळती आणि तिच्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावरच्या छताचं झालेलं नुकसान, दोन्ही संस्थेच्या खर्चात धरलं आहे. वरच्या फ्लॅटच्या मोरीतून येत असेल तर त्या सभासदाची. तुमच्या फ्लॅटच्या आतल्या कामाचा खर्च तुमचा.

अर्ज तुम्हीच करायचा, कारण सभासद तुम्ही आहात. भाडेकरूने सचिवाला सांगितलेलं नोंदीत येत नाही. लेखी अर्ज, सोबत फोटो, आणि पोच घ्या. एप्रिलमध्ये दिलेला अर्ज कामाच्या यादीत जातो, जुलैतला फायलीत.

८. कोणतं काम मालकाचं आणि कोणतं भाडेकरूचं?

करारात "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे" एवढंच लिहिलेलं असतं आणि किरकोळ म्हणजे काय यावरच वाजतं. बांधकाम, वॉटरप्रूफिंग, भिंतीतलं वायरिंग व पाइप, खिडक्यांच्या चौकटी ही मालकाची कामं. जाळ्या आणि ट्रॅक पंधरा दिवसांतून एकदा साफ ठेवणं, कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्याला ओतणं (डेंग्यूचे डास तिथेच होतात), गळती दिसताच कळवणं हे भाडेकरूचं. पुढच्या करारात हीच वाक्यं घाला. कळवण्याची मुदतही घाला: पाणी दिसल्यापासून ४८ तासांत फोटोसह.

९. भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून पैसे कापले. हे चालतं का?

काही अटींवर चालतं. कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही काम वाजवी वेळेत झालं नाही, तर तो ते करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात कापलेली रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. हे कलम "भाडेकरू"बद्दल बोलतं. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याच्या बाबतीत आधी करारातली अट पाहिली जाते.

चिडून पाणी किंवा वीज तोडायचा विचार करू नका. पुरेशा कारणाशिवाय अत्यावश्यक सोय तोडायला कलम २९ मनाई करतं.

१०. विजेचं काय काय तपासून घ्यायचं?

बोर्डात एमसीबी (विजेचा भार जास्त झाला की पडणारा स्विच) असतो, आरसीसीबी (वीज गळू लागली की पडणारा स्विच) नसतो, ही जुन्या फ्लॅटमधली नेहमीची स्थिती. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. त्यासाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवा. असेल तर त्यावरचं टेस्ट बटण दाबा, लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर बदला.

परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, गॅलरीतले उघडे पॉइंट झाकणाचे करून घ्या, आणि ओल येणाऱ्या भिंतीवरचा बोर्ड शक्य असेल तर दुसऱ्या भिंतीवर हलवा. भाडेकरूला एक गोष्ट बजावून ठेवा: नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा स्विच वारंवार पडू लागला तर मेन बंद करून फोन करायचा. पडलेला स्विच पुन्हापुन्हा वर करत राहायचं नाही.

११. तळमजल्यावरच्या घरात मोरीतून पाणी उलटं येतं.

रस्त्यावरची गटारं भरली की चेंबर भरतो आणि सर्वांत खालच्या मोरीतून पाणी वर येतं. मुंबईत मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की हे होतं. ड्रेनेजच्या पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप) बसवून घ्या, पण त्यात केस आणि चिंध्या अडकल्या की तो अर्धवट उघडा राहतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून साफ करावाच लागतो, आणि तो बंद असताना घरातलं पाणीही बाहेर जात नाही हे भाडेकरूला सांगून ठेवा. प्लग पॉइंट जमिनीपासून तीन-साडेतीन फूट वर घ्या. दाराच्या चौकटीत खाचा करून फूट-दीड फुटाची फळी अडकवण्याची जुनी सोय आजही उत्तम चालते.

१२. कोकणातलं कौलारू घर भाड्याने दिलं आहे. शाकारणी दर वर्षी करावी लागते का?

मंगलोरी कौलं असतील तर दर वर्षी सगळं छप्पर उतरवायची गरज नाही. पाखं खालून बघा, जिथून उजेड दिसतो तिथलं कौल सरकलं किंवा फुटलं आहे. माकडं आणि नारळाची झावळं हीच मुख्य कारणं. एप्रिलमध्ये कौलं झाडून पाला-शेवाळ काढा, फुटकी बदला, आढ्यावरचा चुना-सिमेंट तडकला असेल तर पुन्हा भरा. रिपा आणि वासे टोचून बघा, सुरी आत गेली तर वाळवी किंवा कूज आहे. दहा-पंधरा जादा कौलं घरीच ठेवा, भर पावसात त्या मापाची मिळतीलच असं नाही. पन्हाळीतला पाला काढायला विसरू नका, नाहीतर पागोळ्यांचं पाणी भिंतीवर जातं.

पत्रे असतील तर ते धरून ठेवणाऱ्या जे-हूकाखालचे वॉशर तपासा. उन्हाने ते कडक होऊन तडकतात. हूक नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर असावा, खाचेत नव्हे.

१३. काही केलं नाही, आणि आता गळायला लागलं. भर पावसात काय करता येईल?

पाणी वळवणं आणि माणसं सुरक्षित ठेवणं, एवढंच. छताचं प्लास्टर फुगलं असेल तर त्याखालून पलंग हलवा. पंख्यातून पाणी येत असेल तर त्याचा वीजपुरवठा बंद करा. टेरेसची जाळी उघडा (प्रश्न ४). ताडपत्री टाकायची तर ती तड्याच्या वरच्या बाजूपासून, उताराच्या दिशेने आणि कडा कठड्यावर घेऊन. मधोमध टाकलेल्या ताडपत्रीखालून पाणी शिरतं आणि बाहेर निघत नाही. ओल्या पृष्ठभागावर चालणारा झटपट सिमेंट मसाला तड्यात भरता येतो, पण ती तात्पुरती डागडुजी आहे. या दिवसांत कोणी "दहा वर्षांच्या गॅरंटीचं" वॉटरप्रूफिंग करून देतो म्हणाला तर ऑक्टोबरनंतर या म्हणावं. भिंतीचा रंगही तेव्हाच.

१४. दार फुगून बसत नाही, भाडेकरू तासून द्या म्हणतो.

जुलैत तासलं तर डिसेंबरात फट पडेल. अगदीच बंद होत नसेल तर अडणाऱ्या जागेपुरतं घासा आणि कडेला मेण चोळा. मूळ कारण बहुधा दाराची वरची आणि खालची कड असते. तिला रंगच दिलेला नसतो, कारण ती दिसत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये दार उतरवून त्या दोन्ही कडांना दोन हात द्या.

१५. फ्लॅट जूनपासून रिकामा राहणार आहे. बंद करून ठेवला तर?

बंद घरात बुरशी सर्वांत आधी येते. पाण्याचा मेन कॉक बंद करा. फ्रिज रिकामा करून दार किंचित उघडं ठेवा. लाकडी कपाटं भिंतीपासून चार-सहा इंच सरकवा आणि त्यांची दारं उघडी ठेवा. गाद्या जमिनीवर नकोत. सज्जाखालची, झड न लागणारी एखादी खिडकी जाळीसह किंचित उघडी राहू द्या. पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी येऊन तासभर पंखे लावावेत, मोऱ्यांत मगभर पाणी ओतावं (मोरीखालच्या ट्रॅपमधलं, वास अडवणारं पाणी सुकलं की वास आणि झुरळं येतात) आणि कोपरे बघावेत. पहिल्या पावसानंतर खिडकीशी किड्यांच्या गळलेल्या पंखांचा खच दिसला तर वाळवीवाल्याला बोलवा.

तुम्ही परदेशी असाल तर किल्ली आणि एका ठरावीक रकमेपर्यंत खर्च करायची लेखी परवानगी गावातल्या एका माणसाला द्या. रात्री दोन वाजता गळती लागल्यावर न्यू जर्सीतून प्लंबर शोधणं जमत नाही.

१६. ओलीमुळे रंग खराब झाला. अनामत रकमेतून कापू का?

ओल बांधकामातली असेल तर नाही. भाडेकरूचा निष्काळजीपणा दाखवता आला तरच कापता येईल: तुंबलेली जाळी महिनोन्‌महिने तशीच, गळती कळवलीच नाही, बाहेर पाणी नेणारी भोकं त्याने बुजवली. इथे मार्चचे फोटो (प्रश्न ३) आणि कळवण्याच्या मुदतीची अट (प्रश्न ८) हाताशी असली तर वाद लवकर मिटतो. नसली तर कापू नका.

१७. या खर्चाची करात वजावट मिळते का? आणि विमा?

भाड्याच्या उत्पन्नातून तुम्ही भरलेला पालिकेचा मालमत्ता कर वजा केल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्तीवर शून्य खर्च केला तरी तेवढीच आणि दोन लाख केला तरी तेवढीच. बिलं वेगळी दाखवता येत नाहीत. तरी ती ठेवा, वॉटरप्रूफिंगच्या हमीसाठी लागतात.

घराच्या विम्यात वादळ आणि पुराचं नुकसान येतं. हळूहळू झिरपणाऱ्या ओलीचं सहसा येत नाही. भाडेकरूचा टीव्ही तुमच्या पॉलिसीत नसतो, हे त्याला आधीच सांगा.

१८. इमारत पालिकेने "सी-१" ठरवली आहे. पावसाळ्यापुरतं भाडेकरूला राहू देऊ का?

नाही. मुंबईत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करायची इमारत. सी-२ए मध्ये इमारत पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून, सी-२बी मध्ये रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती होते, आणि सी-३ मध्ये किरकोळ. तुमचा फ्लॅट आतून कितीही ठणठणीत दिसला तरी वर्गवारी पूर्ण इमारतीची असते. नोटिशीची प्रत भाडेकरूला त्याच दिवशी द्या, पोच घ्या, आणि लीव्ह अँड लायसन्स असेल तर अनामत परत करून करार संपवा. पिढ्यान्‌पिढ्यांचा पागडी भाडेकरू असेल तर जागा रिकामी करण्याआधी त्याच्या ताब्यातलं क्षेत्रफळ पालिकेच्या नोंदीत आलं आहे ना, हे दोघांनी मिळून तपासा. जागा रिकामी केली म्हणून त्याचा हक्क संपत नाही, आणि ते कागदावर असलं की तो घर सोडायला अडून बसत नाही.